प्रोसेस कोणाच्या नावाने चालते?

‘एएमक्यू ७०७७’ हा क्रमांक आयबीएम एमक्यू सांभाळणाऱ्यांना तोंडपाठ असतो. रात्री सर्व्हरवर काही बदल झालेले असतात आणि सकाळी व्यवहार सुरू होण्याआधी क्यू मॅनेजर उभा करायचा असतो. ‘स्ट्रएमक्यूएम’ ही आज्ञा देताच पडद्यावर उत्तर येते की, मागितलेले काम करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. डिस्कवर जागा आहे, मेमरी शिल्लक आहे, नेटवर्क चालू आहे, कॉन्फिगरेशनच्या फाइलमधले एक अक्षरही बदललेले नाही. तरीही क्यू मॅनेजर सुरू होत नाही.

कारण बहुतेक वेळा एका ओळीत मावणारे असते. आज्ञा देणाऱ्याचे नाव ‘एमक्यूएम’ नावाच्या गटात नसते.

इतक्या साध्या कारणापायी तासन् तास जातात, याचे कारण शोधाची दिशा चुकते. एखादे सॉफ्टवेअर सुरू झाले नाही की माणूस आधी त्याच्या सेटिंगकडे, मग नेटवर्ककडे आणि शेवटी मशीनकडे पाहतो. प्रोसेस कोणाच्या नावाने चालते आहे आणि त्या नावाला या क्षणी कोणकोणत्या गटांचे अधिकार आहेत, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. तो सर्वांत आधी विचारला तर या जातीचे बहुतेक बिघाड काही मिनिटांत सापडतात.

निरोप सांभाळणारे सॉफ्टवेअर

मेसेजिंग मिडलवेअर म्हणजे दोन संगणक प्रणालींच्या मध्ये बसून निरोप घेणारे, जपून ठेवणारे आणि पोहोचवणारे सॉफ्टवेअर. बँकेच्या मोबाइल ॲपने पैसे पाठवण्याची विनंती केली, की ती थेट मुख्य प्रणालीच्या अंगावर जाऊन पडत नाही. ती रांगेत, म्हणजे क्यूमध्ये ठेवली जाते. मुख्य प्रणाली आपल्या वेगाने रांगेतले निरोप उचलते. ती दहा मिनिटे बंद पडली तरी निरोप हरवत नाहीत, डिस्कवर थांबून राहतात. रांगा सांभाळणाऱ्या या मधल्या सॉफ्टवेअरला कोणी ब्रोकर म्हणतात, कोणी क्यू मॅनेजर.

या क्षेत्राच्या इतिहासात महाराष्ट्राशी नाते असलेली दोन नावे ठळक आहेत. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी उभारली आणि ‘द इन्फर्मेशन बस’ हे सॉफ्टवेअर वॉल स्ट्रीटवर नेले. शेअर बाजारातले भाव एकाच वेळी अनेक टेबलांवर पोहोचवण्याचे काम ते करत असे. पुढे १९९७ मध्ये त्यातूनच टिबको ही कंपनी निघाली. पुण्यात वाढलेल्या आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासह लिंक्डइनमध्ये काफ्का घडवले. काफ्का २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी स्थापन केली.

आयबीएमचे उत्पादन १९९३ मध्ये ‘एमक्यूसिरीज’ या नावाने बाजारात आले. इंग्लंडमधल्या हर्स्ली इथल्या प्रयोगशाळेत ते वाढले. २००२ मध्ये ते ‘वेबस्फिअर एमक्यू’ झाले आणि २०१४ मध्ये ‘आयबीएम एमक्यू’. नाव दोनदा बदलले, पण त्याचा वापरकर्ता आणि त्याचा गट ‘एमक्यूएम’च राहिला. २००७ मध्ये आलेले रॅबिटएमक्यू ‘रॅबिटएमक्यू’ याच नावाच्या वापरकर्त्याखाली चालते. लहान उपकरणांच्या जगात लोकप्रिय असलेला मॉस्किटो हा ब्रोकर ‘मॉस्किटो’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो.

प्रत्येक ब्रोकरला स्वतःचे वेगळे नाव का लागते? त्याच्या डिस्कवर पगाराचे निरोप असतात, रुग्णांच्या नोंदी असतात, पैशांचे व्यवहार असतात. सर्व्हरवर लॉगिन करू शकणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येऊ नयेत. उलट बाजूने पाहिले, तर ब्रोकरमध्ये एखादी त्रुटी सापडून कोणी आत घुसलाच, तरी त्याच्या हाती फक्त ब्रोकरचा मर्यादित अधिकार यावा, अख्खा सर्व्हर येऊ नये. वेगळा वापरकर्ता आणि वेगळा गट ही त्यासाठी घातलेली भिंत आहे. ब्रोकर सुरू व्हायला नकार देतो, तेव्हा बहुधा हीच भिंत आपले काम चोख करत असते.

नऊ अक्षरे आणि एक क्रमांक

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडवलेल्या युनिक्सने फाइलच्या परवानगीची जी पद्धत रूढ केली, तीच आज लिनक्सवर चालते. प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक गट असतो. मालक, गट आणि बाकी सगळे या तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन-तीन परवानग्या असतात. फाइलची सविस्तर यादी मागितली की डावीकडे दिसणारी नऊ अक्षरे हीच.

प्रश्न विचारण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रोसेस मालकाच्या नावाने चालत असेल तर मालकाच्या तीन परवानग्या लागू होतात. मालक नसेल पण गटात असेल तर गटाच्या. दोन्ही नसेल तर उरलेल्यांच्या. एकदा एका वर्गात बसले की पुढचा वर्ग पाहिला जात नाही. त्यामुळे मालकाला वाचायची परवानगी नसेल आणि गटाला असेल, तर मालक गटात असूनही त्याला फाइल वाचता येत नाही.

रिची यांनी यात आणखी एका कल्पनेची भर घातली आणि तिला १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळाले. एखाद्या प्रोग्रामवर ‘सेटयूआयडी’ ही खूण लावली, की तो चालवणारा कोणीही असो, प्रोग्राम स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. गटासाठीची अशीच खूण म्हणजे ‘सेटजीआयडी’. आयबीएम एमक्यूच्या अनेक आज्ञांवर या दोन्ही खुणा असतात. म्हणूनच गटातला माणूस स्वतःच्या नावाने आज्ञा देतो, पण निर्माण होणाऱ्या फाइली ‘एमक्यूएम’च्या मालकीच्या राहतात.

सुरुवातीच्या युनिक्सवर माणूस एका वेळी एकाच गटात असे आणि दुसऱ्या गटाचे काम असेल तर ‘न्यूग्रुप’ ही आज्ञा देऊन गट बदलावा लागे. १९८३ मध्ये बर्कलीहून आलेल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीने एका वापरकर्त्याला एकाच वेळी अनेक पूरक गट दिले. सोय मोठी झाली, पण आजच्या बऱ्याच गोंधळांची मुळेही तिथेच आहेत.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. नावे माणसांसाठी असतात. कर्नलला फक्त क्रमांक कळतात. ‘एमक्यूएम’ हे नाव एका सर्व्हरवर ९९० असेल आणि दुसऱ्यावर ९९५, तर ते कर्नलच्या लेखी दोन वेगळे वापरकर्ते आहेत.

एक अक्षर राहून गेले

सर्वांत नेहमीचा बिघाड एका आज्ञेतून जन्मतो. समजा, ‘बॅचॲप’ या वापरकर्त्याला नव्या ‘डॉकर’ गटात घालायचे आहे. ॲडमिन ‘यूजरमॉड’ ही आज्ञा मोठ्या ‘जी’च्या पर्यायासह देतो आणि पुढे ‘डॉकर’ लिहितो. आज्ञा निमूटपणे पार पडते. पण या पर्यायाचा अर्थ ‘या गटात घाल’ असा नाही. ‘पूरक गटांची यादी आता एवढीच ठेव’ असा आहे. आधीची यादी, तिच्यातल्या ‘एमक्यूएम’सह, पुसली जाते. भर घालायची असेल तर सोबत छोटा ‘ए’ हा पर्याय लागतो.

या चुकीचा परिणाम त्याच क्षणी दिसत नाही आणि म्हणून ती पकडायला अवघड जाते. चालू असलेला क्यू मॅनेजर चालूच राहतो. पंधरा दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट होतो, ‘बॅचॲप’ची स्क्रिप्ट क्यू मॅनेजर सुरू करायला जाते आणि ७०७७ समोर उभा राहतो. तोवर ‘डॉकर’ गटाचा बदल कोणाच्या लक्षातही नसतो. सगळे जण काल रात्रीच्या बदलांमध्ये कारण शोधत बसतात.

बदल केला, तरी तोच एरर

कारण सापडले, नाव पुन्हा गटात घातले, गटाच्या फाइलमध्ये ते दिसतेही आहे. आज्ञा दिली तर पुन्हा तोच नकार. इथे अनेकांचा धीर सुटतो आणि ‘कारण वेगळेच असणार’ असे समजून ते बरोबर रस्ता सोडतात.

गटांची यादी प्रोसेसला लॉगिनच्या वेळी मिळते. तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोसेसकडे तीच यादी वारशाने जाते. हे रेल्वेच्या आरक्षण तक्त्यासारखे आहे: तक्ता लागल्यावर कार्यालयातल्या नोंदी बदलल्या, तरी डब्यातल्या तपासनिसाच्या हातातला कागद बदलत नाही. आधीच उघडलेल्या टर्मिनलला नवा गट कळत नाही. त्यासाठी बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते. पार्श्वभूमीत महिनोन् महिने चालणारे शेड्यूलर किंवा एजंट असतील, तर तेही पुन्हा सुरू करावे लागतात, कारण त्यांनी सुरू केलेल्या प्रत्येक कामाकडे जुनीच यादी जाते.

फरक तपासायची युक्ती सोपी आहे. ‘आयडी’ ही आज्ञा नुसती दिली तर सध्याच्या प्रोसेसकडे असलेले गट दिसतात. तिच्यापुढे वापरकर्त्याचे नाव लिहिले तर नोंदवहीतले गट दिसतात. दोन उत्तरे वेगळी आली, तर काय करायचे ते ठरलेच. चालू असलेल्या कोणत्याही प्रोसेसचे गट ‘प्रॉक’ डिरेक्टरीतल्या तिच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘ग्रुप्स’ या ओळीत वाचता येतात. हा पुरावा निर्विवाद असतो, कारण तो थेट कर्नलकडून आलेला असतो.

आयबीएम एमक्यूमध्ये याचा आणखी एक थर आहे. क्यू मॅनेजर सुरू असताना तो वापरकर्त्यांच्या गटांची माहिती स्वतःकडे साठवून ठेवतो. त्यामुळे गट बदलल्यावर ‘रिफ्रेश सिक्युरिटी’ ही आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही तर क्यू मॅनेजर उभा राहतो, पण जोडणी करणाऱ्या ॲप्लिकेशनला २०३५ हा ‘अधिकार नाही’ सांगणारा कोड मिळत राहतो.

‘अशी प्रोसेस नाही’

आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ब्रोकर सुरू करायचे काम सिस्टमडीकडे असते. तिच्या सेवाफाइलमध्ये ‘यूजर’ आणि ‘ग्रुप’ अशा दोन ओळी असतात. त्यातले नाव चुकले किंवा तो गट त्या सर्व्हरवर नसला, तर ब्रोकरचा प्रोग्राम सुरूच होत नाही. त्यामुळे ब्रोकरच्या लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही आणि लॉग उघडून बसलेला माणूस बुचकळ्यात पडतो.

उत्तर सिस्टमडीच्या नोंदीत असते. सेवेच्या स्थितीत २१७ आकडा आणि त्यापुढे ‘यूजर’ हा शब्द दिसला तर वापरकर्ता सापडलेला नाही. २१६ आणि ‘ग्रुप’ दिसले तर गटाची अडचण आहे. सोबतची ओळ मात्र दिशाभूल करते. ‘अशी प्रोसेस नाही’ असे ती सांगते. वाचणारा कुठली प्रोसेस मेली ते शोधू लागतो. प्रत्यक्षात नाव सापडले नाही हे कळवण्यासाठी प्रणालीने हाताशी असलेला एक जुना एरर कोड वापरलेला असतो, आणि त्याचे शब्द तसे आहेत.

मोठ्या कंपन्यांमध्ये याचे एक फसवे रूप आढळते. तिथे वापरकर्ते आणि गट प्रत्येक सर्व्हरवर नसतात, मध्यवर्ती एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असतात. सर्व्हर रीस्टार्ट होतो तेव्हा ब्रोकरची पाळी नेटवर्क तयार होण्याआधी आली, तर नाव विचारायला कोणी जागेवर नसते आणि सेवा २१७ देऊन थांबते. दहा मिनिटांनी माणूस लॉगिन करतो, हाताने सेवा सुरू करतो आणि ती सुरळीत चालते. पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तेच. यावर दोन उपाय आहेत. सेवाफाइलमध्ये ‘वापरकर्त्यांची यादी उपलब्ध झाल्यावरच सुरू कर’ अशी अट घालता येते, किंवा ब्रोकरचा वापरकर्ता आणि गट त्या सर्व्हरवरच तयार करता येतात. दुसरा उपाय जास्त भरवशाचा आहे, कारण त्यामुळे ब्रोकर दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाही.

विंडोजवरही हाच प्रश्न वेगळ्या वेशात भेटतो. सेवेच्या खात्याचा पासवर्ड बदलला किंवा ‘सेवा म्हणून लॉगिन’ करण्याचा हक्क धोरणातून निघून गेला, की सेवा १०६९ हा क्रमांक देऊन थांबते.

रूटने एकदाच सुरू केले

काफ्का सुरू होत नाही. घाईत कोणी तरी ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून तो सुरू करतो. तो सुरू होतो. अडचण मिटली असे वाटते. पण त्या वेळात तयार झालेल्या फाइली, लॉकची फाइल आणि निरोपांचे नवे खंड, सगळे रूटच्या मालकीचे झालेले असतात. पुढच्या वेळी काफ्का आपल्या नेहमीच्या वापरकर्त्याच्या नावाने उठतो आणि स्वतःचीच लॉक फाइल त्याला उघडता येत नाही.

मग लॉगमध्ये येणारी ओळ सांगते की, डिरेक्टरी लॉक करताना डिस्कचा एरर आला. डिस्कचा शब्द वाचून स्टोरेजच्या टीमला फोन जातो. ती टीम डिस्क तपासते, निर्दोष ठरवते आणि प्रकरण दोन विभागांमध्ये लटकते. त्याच नोंदीत खाली जावाची ‘ॲक्सेस डिनाइड’ ही सूचना असते. ती वाचली तर स्टोरेजच्या टीमला उठवायची गरजच नसते. काफ्का असे का वागतो तेही समजण्यासारखे आहे. २०१७ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून तो एक डिस्क बिघडली तर ती बाजूला ठेवून बाकीच्यांवर काम चालू ठेवतो आणि सगळ्याच डिरेक्टऱ्या हातच्या गेल्या तर बंद होतो. डिरेक्टरी वापरता न येण्याचे कारण यंत्राचे आहे की मालकीचे, हा भेद त्या वरच्या ओळीत उमटत नाही.

रॅबिटएमक्यूच्या डेटाच्या आणि लॉगच्या फाइलींबाबतही हेच घडते. उपाय एकच. ब्रोकर थांबवायचा, त्याच्या डेटाच्या डिरेक्टरीत दुसऱ्या मालकाच्या फाइली शोधायच्या आणि तेवढ्याच योग्य मालकाच्या नावावर करायच्या.

नाव एक, क्रमांक दोन

एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने लगेच काम उचलावे म्हणून आयबीएम एमक्यूमध्ये क्यू मॅनेजरचा डेटा सामायिक स्टोरेजवर ठेवून तो दोन सर्व्हरवर उभा करण्याची सोय आहे. त्यासाठीची अट स्पष्ट आहे: दोन्हीकडे ‘एमक्यूएम’ वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक सारखाच हवा. दोन सर्व्हर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी उभे केले असतील तर इन्स्टॉलर प्रत्येकाला त्या वेळी मोकळा असलेला क्रमांक देतो. नावे जुळतात, क्रमांक जुळत नाहीत. पहिला सर्व्हर चालू असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. नेमके ज्या दिवशी दुसऱ्याची गरज पडते, त्या दिवशी तो नकार देतो. म्हणून इन्स्टॉल करण्याआधीच वापरकर्ता आणि गट ठरलेल्या क्रमांकांनी हाताने तयार करणे शहाणपणाचे.

सामायिक स्टोरेज एनएफएसचे, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या पद्धतीचे असेल, तर आणखी एक जुनी मर्यादा आड येते. त्याच्या नेहमीच्या ओळख-पद्धतीत एका विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ पूरक गट पाठवता येतात. मोठ्या संस्थेत एखादा वापरकर्ता २५ गटांत असू शकतो. ‘एमक्यूएम’ त्या १६ मध्ये बसला नाही, तर स्टोरेजच्या लेखी तो माणूस गटात नाहीच. सर्व्हरवर ‘आयडी’ने सगळे गट दिसतात, तरीही फाइल उघडत नाही. गटांची यादी स्टोरेज सर्व्हरनेच स्वतः शोधावी, अशी सोय लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर आहे. ती चालू केली की ही मर्यादा सुटते.

कंटेनरच्या जगात क्रमांकांचे महत्त्व आणखी वाढले. कंटेनरच्या आतली नावांची यादी आणि बाहेरच्या यंत्रावरची यादी यांचा संबंध नसतो. फाइलवर राहतो तो फक्त क्रमांक. ओपनशिफ्टवर तर कंटेनर मुळात कोणत्या तरी मोठ्या, आधी न ठरलेल्या वापरकर्ता-क्रमांकाने चालवला जातो आणि त्याचा गट मात्र शून्य असतो. म्हणून तिथे चालणाऱ्या ब्रोकरच्या डिरेक्टऱ्या शून्य क्रमांकाच्या गटाला लिहिता येतील अशा बनवाव्या लागतात. लॅपटॉपवर चाललेला कंटेनर तिथे जाऊन पडतो, तेव्हा आधी हेच तपासावे.

परवानगी जास्त झाली तरी नकार

परवानगी कमी पडली म्हणून नकार, हे सहज समजते. जास्त झाली म्हणूनही नकार येतो, हे कमी जणांना ठाऊक असते. रॅबिटएमक्यू एर्लांग या भाषेत लिहिलेले आहे. त्याचे नोड एकमेकांना ओळखतात ते ‘एर्लांग कुकी’ नावाच्या फाइलीतल्या गुप्त मजकुरावरून. ही फाइल मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला, अगदी गटालाही, वाचता येत असेल तर एर्लांग सुरूच होत नाही. फक्त मालकालाच ती वाचता आली पाहिजे, असा स्पष्ट संदेश देऊन ते थांबते. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये डिस्कवरच्या सगळ्या फाइलींना गटाचे अधिकार देणारी एक सोय आहे. ती इतर फाइलींच्या कामी येते आणि नेमकी कुकीच्या मुळावर येऊ शकते.

मॉस्किटोची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या त्याच्या २.० आवृत्तीने एक सुरक्षित बदल केला. रूट म्हणून सुरू झाल्यावर तो पूर्वीपेक्षा लवकर, कॉन्फिगरेशन वाचून होताच, रूटचे अधिकार सोडतो आणि ‘मॉस्किटो’ वापरकर्ता बनतो. सर्टिफिकेट आणि खासगी किल्ली तो त्यानंतर वाचतो. ज्यांनी या फाइली फक्त रूटला वाचता येतील अशा ठेवल्या होत्या, त्यांचे ब्रोकर नव्या आवृत्तीवर उठेनात. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटे वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास आला. यावर रीत अशी, की सर्टिफिकेटचे नूतनीकरण झाले की त्याची प्रत मॉस्किटोच्या डिरेक्टरीत जावी आणि तिचा मालक ‘मॉस्किटो’ असावा. हे काम आपोआप करणारी छोटी स्क्रिप्ट नूतनीकरणाला जोडता येते.

‘ट्रिपल सेव्हन देऊन टाक’

प्रत्येक ऑफिसात हे वाक्य ऐकू येते. अख्ख्या डिरेक्टरीला ७७७ म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या. या सल्ल्याने होणारे नुकसान नीट समजून घेतले पाहिजे.

आयबीएम एमक्यूच्या आज्ञांवर ही मात्रा चालवली तर सेटयूआयडी आणि सेटजीआयडीच्या खुणा पुसल्या जातात. नुसता मालक बदलला तरी लिनक्स या खुणा काढून टाकते. म्हणजे एका माणसाला नाकारणारी आज्ञा आता गटातल्या माणसालाही नीट चालवता येत नाही. रॅबिटएमक्यूवर चालवली तर कुकी सर्वांसाठी उघडी पडते आणि तिची परवानगी दुरुस्त होईपर्यंत ब्रोकर सुरू होत नाही. काफ्कावर चालवली तर तो सुरू होईलही, पण त्या सर्व्हरवरचा कोणीही माणूस ग्राहकांचे निरोप वाचू किंवा बदलू शकेल. किल्ल्यांच्या फाइली एकदा उघड्या पडल्या, की परवानगी पूर्ववत करून भागत नाही. त्या किल्ल्या बदलाव्या लागतात.

हे आधीच घडले असेल तर परतीची वाट आहे. आरपीएम पद्धतीच्या लिनक्सवर पॅकेजची पडताळणी केली, की कोणत्या फाइलचा मालक, गट किंवा परवानगी मुळापेक्षा वेगळी आहे ते अक्षरांच्या खुणांनी दिसते. त्याच साधनाने मूळ मालकी आणि मूळ परवानग्या परत बसवता येतात. क्रम मात्र पाळायचा: आधी मालकी, मग परवानग्या. उलट केले तर मालकी बदलताना नुकत्याच परत आलेल्या खुणा पुन्हा जातात.

चौकशीचा क्रम

ब्रोकर सुरू झाला नाही की पहिली कृती म्हणजे काहीही न बदलता तीन गोष्टी लिहून काढणे: पूर्ण एरर, तो आला ती वेळ आणि आज्ञा कोणत्या वापरकर्त्याने दिली ते नाव. आयबीएम एमक्यूचे सर्वसाधारण लॉग ‘व्हार’मधल्या ‘एमक्यूएम’ डिरेक्टरीत ‘एरर्स’ या नावाखाली असतात. प्रत्येक क्यू मॅनेजरचे वेगळे लॉगही असतात. ब्रोकरच्या लॉगमध्ये काहीच नसेल तर सिस्टमडीची नोंद पाहायची.

दुसरा प्रश्न गटांचा. प्रोसेसकडे प्रत्यक्षात असलेले गट आणि नोंदवहीतले गट ताडून पाहायचे. गट अस्तित्वात आहे का, हे विचारताना गटाची फाइल उघडण्यापेक्षा ‘गेटेंट’ ही आज्ञा वापरावी. ती स्थानिक यादी आणि मध्यवर्ती डिरेक्टरी दोन्हींकडे विचारते.

तिसरा प्रश्न वाटेचा. फाइलची परवानगी बरोबर असून भागत नाही. तिच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक डिरेक्टरीत शिरण्याची परवानगी लागते. ‘नेमआय’ ही आज्ञा मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. मधली एखादी डिरेक्टरी बंद असेल तर ती तिथे लगेच दिसते. यादी नावांऐवजी क्रमांकांनीही पाहावी, म्हणजे दोन सर्व्हरमधला फरक लपत नाही.

हे सगळे बरोबर निघाले आणि नकार तसाच राहिला, तरच एसई-लिनक्सकडे वळावे. नऊ अक्षरांच्या परवानगीवर त्याचा स्वतंत्र पहारा असतो आणि त्याच्या नकाराची नोंद ऑडिट लॉगमध्ये सापडते. ते सरसकट बंद करू नये. नोंद वाचून तेवढ्या फाइलचे लेबल दुरुस्त करावे.

एक सावधगिरी आयबीएम एमक्यूसाठी खास आहे. युनिक्स आणि लिनक्सवर गट-आधारित अधिकारपद्धती चालू असताना एका वापरकर्त्याचे नाव घेऊन अधिकार दिला, तर तो प्रत्यक्षात त्याच्या मुख्य गटाला मिळतो. तो मुख्य गट ‘यूजर्स’सारखा सामायिक असेल तर त्यातल्या सगळ्यांनाच क्यू उघडी होते. आठव्या आवृत्तीपासून वापरकर्त्यानुसार अधिकार देण्याची पद्धत निवडता येते. त्याचप्रमाणे क्यू मॅनेजर सुरू होत नाही म्हणून कोणालाही ‘एमक्यूएम’ गटात घालू नये. या गटातल्या माणसाला त्या सर्व्हरवरच्या सगळ्या क्यू मॅनेजरांचे पूर्ण अधिकार असतात. ज्याला फक्त निरोप टाकायचे आणि उचलायचे आहेत, त्याच्यासाठी वेगळा गट करून तेवढेच अधिकार द्यावेत.

सर्व्हर दुसऱ्याच्या हाती सोपवताना आयपी पत्ते, पोर्ट आणि पासवर्डची व्यवस्था लिहून दिली जाते. त्यासोबत ब्रोकरचा वापरकर्ता, त्याचा मुख्य गट, पूरक गट आणि या सर्वांचे क्रमांक लिहून द्या. ब्रोकर सुरू करण्याची मुभा कोणाला आहे, ते नावानिशी नोंदवा. मग गटात केलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी एकदा ब्रोकर थांबवून आणि पुन्हा सुरू करून तपासा, म्हणजे चूक झालीच असेल तर ती करणारा माणूस जागेवर असतानाच सापडेल.